कुमिते : मारायचं, पण लागू द्यायचं नाही

कराटे शिकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांची गाडी एका ठरावीक स्टेशनात येऊन अडकते. (मोठ्या म्हणजे नोकरीला लागल्यावर, पंचविशी-तिशीत क्लास लावणाऱ्या. लहान मुलांचं वेगळं असतं. ती पडतात, रडतात आणि शिकून जातात.) दोन-तीन वर्षं नेमाने क्लास केलेला असतो. पट्ट्याचा रंग बदललेला असतो. काता तोंडपाठ असतात. हवेत पंच मारला की बाहीचा 'फट्' असा मस्त आवाज येतो. मग एके दिवशी सर म्हणतात, "चला, कुमिते." समोर एक जिवंत माणूस उभा राहतो आणि सगळं शिकलेलं कुठेतरी गायब होतं. हात बांधल्यासारखे होतात, पाय जमिनीला चिकटतात, डोळे मिटतात. आणि समोरच्याने साधा सरळ पंच मारला तरी तो येऊन बसतो.

सरांना विचारलं तर उत्तर मिळतं, "अजून कुमिते करा, होईल." उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. ते अपुरं का आहे हे समजून घ्यायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो. आणि हा इतिहास मोठा गमतीदार आहे. आपण ज्याला 'कुमिते' म्हणतो, म्हणजे दोघांनी मोकळेपणाने एकमेकांवर वार करायचे आणि पंचांनी गुण द्यायचे, ती काही हजार वर्षांची प्राचीन परंपरा वगैरे नाही. ती जेमतेम शंभर वर्षांची आहे. ज्यांना आधुनिक कराटेचे जनक म्हणतात, ज्यांचा फोटो अर्ध्याअधिक क्लासेसच्या भिंतीवर असतो, त्या फुनाकोशी गिचिन यांना ती मुळीच पसंत नव्हती!

आधी मूळ अडचण काय होती ते बघू. कुस्तीच्या तालमीत दोन पैलवान रोज पूर्ण ताकदीने लढू शकतात. आधी खडाखडी होते, मग कोणीतरी डाव टाकतो, एक जण खाली जातो, उठतो, अंगाला माती चोळतो आणि परत उभा राहतो. कारण कुस्तीत चीत करायचं असतं, जखमी करायचं नसतं. कराटेचं तसं नाही. गळ्यावर मारायचा, डोळ्यात बोटं घालायची, गुडघ्यावर लाथ घालायची ही ती विद्या. तिचा खराखुरा सराव केला तर सरावाला जोडीदारच उरणार नाही. आणि खोटा केला तर शिकलेलं खरं आहे की नाही हे कधीच कळणार नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर टेस्ट करता येत नाही आणि टेस्टिंगचं वातावरण प्रॉडक्शनसारखं नाही. गेल्या शंभर वर्षांत कराटेत जी काही भांडणं झाली, जे पंथ फुटले, त्यातल्या बऱ्याचशा भांडणांच्या मुळाशी हा एकच प्रश्न आहे.

ओकिनावात, म्हणजे पूर्वीच्या र्‍युक्यू राज्यात, यावर एक उत्तर होतं. ते म्हणजे काता. सगळे धोकादायक वार एका ठरलेल्या क्रमात गुंफायचे आणि एकट्याने हवेत करायचे. शिकवणारा एक, शिकणारे एक-दोन, तेही बहुतेक रात्री आणि गुपचूप. स्वतः फुनाकोशींनी (जन्म १८६८, शुरी) आझातो आन्को यांच्या अंगणात असंच शिकून घेतलं. नाईहान्ची म्हणजे आताच्या तेक्कीच्या तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि नवी काता असते, त्या पार्श्वभूमीवर हे वाचताना जरा थांबायला होतं.

मग खरी परीक्षा कुठे व्हायची? तर रस्त्यावर. ओकिनावात 'काकेदामेशी' नावाचा प्रकार होता. म्हणजे कोणाला तरी गाठून आव्हान द्यायचं आणि आपली विद्या तपासून बघायची. नाहा शहरातली त्सुजी ही वस्ती, म्हणजे तिथला रंगेल भाग, त्यासाठी प्रसिद्ध होती. सभ्य घरातले लोक अर्थातच याला नावं ठेवत.

१८७९ साली जपानने हे राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आन्को यांनी कराटे शाळांमध्ये नेलं. अंगणात एकाला शिकवणं वेगळं आणि मैदानात शंभर मुलांना शिकवणं वेगळं. त्यामुळे कवायत आली, रांगा आल्या, नंबर पुकारणं आलं. मुलांना झेपतील अशा पिनान काता इतोसुंनी तयार केल्या. आज आपण रांगेत उभं राहून "इच, नी, सान" करत पंच मारतो, त्याचा उगम इथे आहे. फायदा असा झाला की कराटे वाचलं आणि पसरलं. तोटा असा झाला की कातामधल्या हालचालींचा अर्थ, म्हणजे 'हे नेमकं कशासाठी?', मागे पडत गेला. शाळकरी मुलांना गळा कसा आवळायचा हे शिकवणार तरी कोण?

१९२२ साली फुनाकोशी प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून त्यांचं प्रात्यक्षिक पाहिलं. फुनाकोशी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले शाळामास्तर होते. विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहायचे, तिथली झाडलोट करायचे आणि शिकवायचे. हळूहळू विद्यापीठांमध्ये क्लब निघाले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठाचा निघाला, मग इतरांचे.

आणि इथेच ठिणगी पडली. कारण विद्यापीठातली ही मुलं कोरी पाटी नव्हती. शाळेत ज्युदो नाहीतर केंदो करून आलेली होती. या दोन्ही विद्यांनी आपापल्या परीने तो मूळ प्रश्न सोडवलेला होता. तलवारबाजीवाल्यांनी अठराव्या शतकातच बांबूची तलवार आणि चिलखत आणलं होतं. आता पूर्ण जोराने मारा, कोणी मरत नाही. कानोंनी वेगळी युक्ती केली. धोकादायक गोष्टी कातामध्ये ठेवल्या आणि ज्या गोष्टी पूर्ण ताकदीने करूनही माणूस उठून उभा राहतो त्या 'रांदोरी'त, म्हणजे मोकळ्या लढतीत आणल्या. तर ही मुलं फुनाकोशींना विचारणारच की, "गुरुजी, आपली मॅच कधी?"

फुनाकोशींचं उत्तर होतं की मॅच होणार नाही. त्यांच्या दृष्टीने कराटे ही चारित्र्य घडवणारी साधना होती आणि तिचा वार हा माणूस संपवणारा वार होता. त्याचा खेळ करणं म्हणजे दोन्ही अर्थांनी तिला हलकं करणं. पण मुलं कुठली ऐकतायत! टोकियो विद्यापीठाच्या क्लबमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुलांनी केंदोसारखं चिलखत घालून खऱ्या मॅचेस खेळायला सुरुवात केली. फुनाकोशींना कळल्यावर त्यांनी त्या क्लबमध्ये जाणंच सोडून दिलं. ओकिनावाहून आलेला, गरिबीत दिवस काढणारा माणूस देशातल्या सर्वात प्रतिष्ठेच्या विद्यापीठावर पाणी सोडतो, ही साधी गोष्ट नाही.

आता याच काळातला दुसरा माणूस बघा. मोतोबु चोकी. जन्म १८७०, म्हणजे फुनाकोशींपेक्षा दोनच वर्षांनी लहान. गाव तेच शुरी, घराणं राजघराण्याशी संबंधित, आणि स्वभाव बरोब्बर उलटा. थोरल्या मुलालाच विद्या द्यायची असा घराण्याचा रिवाज आणि हे तिसरे. मग यांनी इतोसु आणि तोमारीचे मात्सुमोरा वगैरेंकडून मिळेल ते घेतलं आणि उरलेलं त्सुजीच्या रस्त्यावर जाऊन तपासलं. १९२२ च्या सुमारास क्योतोमध्ये एका परदेशी मुष्टियोद्ध्याच्या आव्हान-सामन्यात हे उतरले आणि त्याला आडवं केलं. वय ५२! १९२५ मध्ये लाखांनी खपणाऱ्या 'किंगु' मासिकात ही हकीकत छापून आली आणि सगळ्या जपानला कराटे हा शब्द कळला. फक्त एक घोळ झाला. चित्रकाराने काढलेल्या चित्रांमधला चेहरा मोतोबुंचा नव्हता, फुनाकोशींसारखा होता. दोघांचं आपसात आधीच फारसं पटत नव्हतं, त्यात ही भर. :-)

१९२६ मध्ये मोतोबुंनी पुस्तक काढलं आणि त्यात कुमितेचे बारा प्रकार फोटोंसह दिले. कुमितेला वाहिलेलं हे सर्वात जुनं पुस्तक मानतात. ते फोटो आजही बघण्यासारखे आहेत. आपल्या क्लासमध्ये एक हात कंबरेवर खेचून धरायला शिकवतात ना? इथे तसं काही नाही. दोन्ही हात पुढे, चेहऱ्याच्या रेषेत. अंतर इतकं कमी की समोरच्याचा श्वास लागावा. एक हात अडवतोय आणि त्याच क्षणी तोच किंवा दुसरा हात मारतोय. आधी ब्लॉक, मग पंच, असे दोन स्वतंत्र ठोके नाहीत. ज्याने खरी मारामारी केली आहे त्याला 'एक-दोन' करायला वेळ नसतो हे माहीत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

फुनाकोशी आणि मोतोबु यांच्यात बरोबर कोण, असं विचारलं तर मला वाटतं प्रश्नच चुकतोय. फुनाकोशींना जोडीदार वाचवायचा होता, मोतोबुंना खरेपणा वाचवायचा होता. दोन्ही लागतं. पुढची सगळी गोष्ट म्हणजे या दोघांच्या मधली जागा शोधण्याची धडपड आहे.

पहिली पायरी होती 'याकुसोकु कुमिते', म्हणजे ठरवून केलेली लढत. कोण मारणार, कुठे मारणार, किती वेळा मारणार, सगळं आधीच ठरलेलं. फुनाकोशींचे विद्यार्थी ओत्सुका हिरोनोरी मुळात जुजुत्सुवाले. तिथे जोडीने सराव करण्याची जुनी पद्धत होती, ती त्यांनी कराटेत आणली. (पुढे ते वेगळे झाले आणि त्यांची वादो-र्‍यू शैली झाली.) फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांनी १९३० च्या दशकात याला नीट शिडीचं रूप दिलं. आधी पाच पावलांची गोहोन कुमिते, मग तीन पावलांची, मग एका पावलाची इप्पोन, मग 'जियु इप्पोन' आणि शेवटी मोकळी 'जियु कुमिते'. दुसऱ्या बाजूला क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात गोजु-र्‍यूचे यामागुची गोगेन यांच्या गटाने मोकळ्या कुमितेचे प्रयोग केले. ही शिडी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

दरम्यान विद्यापीठांच्या मुलांनी 'कोकान गेइको' सुरू केलं होतं. म्हणजे एकमेकांच्या क्लबला भेट देऊन एकत्र सराव करायचा. कागदावर सराव, प्रत्यक्षात राडा. नियम नाहीत, पंच नाहीत, कॉलेजची इज्जत पणाला. नाकं फुटायची, दात पडायचे. थोडक्यात, ज्येष्ठांनी मॅच नको म्हटल्याने मॅच थांबली नव्हती, ती फक्त नियमांशिवाय होत होती. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

योशिताका आजाराने गेले, युद्धात शोतोकान दोजो बॉम्बहल्ल्यात जळाला. १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली आणि तिचे मुख्य प्रशिक्षक झाले नाकायामा मासातोशी. यांची एक गोष्ट सांगतात. हे तलवारबाजी शिकवणाऱ्या घराण्यातले. विद्यापीठात केंदोच्या वर्गाला म्हणून गेले, वेळापत्रक चुकीचं वाचलं आणि समोर कराटेचा वर्ग निघाला. तिथेच रमले. तर या नाकायामांनी कोकान गेइकोतली फुटकी नाकं बघितलेली होती. नियम केले नाहीत तर पोरं एकमेकांना मारून टाकतील, आणि चुकीचे नियम केले तर कराटे उरणार नाही, अशी दुहेरी काळजी त्यांना होती.

त्यांनी निवडलेला मार्ग म्हणजे 'सुनदोमे'. 'सुन' हे जपानी माप, साधारण तीन सेंटीमीटर. वार पूर्ण वेगाने, पूर्ण ताकदीने करायचा आणि लक्ष्याच्या तेवढ्यावर थांबवायचा. आणि सामना एका वाराचा, इप्पोन. एक स्वच्छ वार पोचला की खेळ खल्लास, कारण खऱ्या तलवारीचाही एकच वार पुरतो. केंदोची छाप स्पष्ट दिसते.

१९५७ च्या एप्रिलमध्ये फुनाकोशी वारले. त्याच वर्षी टोकियोत असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली. कुमिते जिंकली कानाझावा हिरोकाझु यांनी, तीही मोडलेल्या हाताने! डॉक्टरांनी मनाई केली होती. ते माघार घेणार होते, पण सामने बघायला आलेल्या आईने विचारलं की कराटेत काय एकच हात वापरतात का? मग उरलेला हात आणि दोन पाय घेऊन ते उतरले.

पण माझ्या मते त्याहून मोलाची स्पर्धा म्हणजे पुढच्या वर्षीची. १९५८ च्या अंतिम सामन्यात कानाझावा आणि मिकामी ताकायुकी समोरासमोर आले. दोघंही असोसिएशनच्या प्रशिक्षक वर्गाच्या सुरुवातीच्या तुकडीतले, एकमेकांना आतून-बाहेरून ओळखणारे. सामना वाढवत नेला तरी दोघांनी वार फारसे केलेच नाहीत. नुसते फिरत राहिले, इंचाइंचाने आत-बाहेर करत राहिले. शेवटी दोघांना संयुक्त विजेते जाहीर करावं लागलं. प्रेक्षकांना कंटाळवाणं वाटलं असेल. पण तिथे जे चाललं होतं तेच कुमितेचं हृदय आहे. जपानीत त्याला 'माआइ' म्हणतात, म्हणजे दोघांमधलं अंतर. नुसतं मीटरमध्ये मोजायचं अंतर नव्हे, तर 'आत्ता मी निघालो तर पोचेन का आणि तो निघाला तर मी वाचेन का' या हिशोबातलं अंतर. एक सेंटीमीटर चुकला तर संपलं, हे दोघांना माहीत होतं.

सुनदोमेने अंतर आणि वेळ या दोन गोष्टींना धार आली. गेलं काय? तर मार खाण्याचा अनुभव गेला. आणि पंचांनी 'यामे' म्हटल्यावर पुढचा अर्धा सेकंद, ज्यात खऱ्या भांडणात बरंच काही घडतं, तोही गेला.

हे पटलं नाही म्हणून ओयामा मासुतात्सु यांनी वेगळी वाट धरली. त्यांचं म्हणणं साधं. न लागलेला वार हा वारच नाही. त्यांच्या क्योकुशिन पंथाची पहिली खुली अखिल जपान स्पर्धा १९६९ मध्ये झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये. ना हातमोजे, ना चिलखत. छातीवर, पोटावर, मांडीवर मनसोक्त मारा, लाथ डोक्यावरही चालेल. पण हाताने तोंडावर मारायचं नाही. का, तर उघड्या मुठीने तोंडावर मारू दिलं असतं तर प्रत्येक स्पर्धेनंतर इस्पितळ भरलं असतं. म्हणजे गंमत बघा, सर्वात 'खरा' म्हणवणाऱ्या पंथालाही एक गोष्ट काढून टाकावीच लागली. आणि जी काढली त्याचा परिणाम लगेच दिसला. तोंडावर पंच येणार नाही हे पक्कं असल्यावर लढवय्ये जवळ जवळ येत गेले, छातीला छाती भिडवून मांड्यांवर लाथा मारू लागले. सहनशक्ती अफाट वाढली, अंतराचा हिशोब मात्र बोथट झाला.

तिसरी वाट चिलखतवाल्यांची. हेल्मेट, छातीचं कवच घाला आणि सगळीकडे मारा. इथे वार खरा, पण हेल्मेट घातल्यावर माणूस स्वतःचं तोंड सांभाळायचं विसरतो.

म्हणजे तीन पंथ, तीन वजाबाक्या. एकाने आघात वजा केला, दुसऱ्याने तोंडावरचा पंच वजा केला, तिसऱ्याने भीती वजा केली. आणि तिघंही एकमेकांना म्हणतात, "तुमचं खोटं!"

स्पर्धेचा पुढचा प्रवास थोडक्यात. १९७० मध्ये टोकियोत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. एका वाराच्या सामन्याऐवजी गुणांचे सामने आले. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पंचाला एक गुण, शरीरावरच्या लाथेला दोन आणि डोक्यावरच्या लाथेला तीन. हातमोजे आले, पायांना गार्ड आले. आणि अनेक वर्षं प्रयत्न केल्यावर टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे एक वर्ष लांबून २०२१ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या, कराटे पहिल्यांदा आलं.

तिथे ७ ऑगस्टला पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाचा अंतिम सामना झाला. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी विरुद्ध इराणचा सज्जाद गंजझादे. हमेदी ४-१ ने पुढे. त्याने एक लाथ मारली, ती गंजझादेच्या डोक्यावर अशी बसली की तो जागेवर बेशुद्ध. स्ट्रेचरवरून नेलं. आणि निकाल? नियंत्रण सोडून मारल्याबद्दल हमेदी बाद. सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या गंजझादेला!

त्या दिवशी जगभर लोक हसले. हा कसला मारामारीचा खेळ, ज्यात आडवा पडलेला जिंकतो? पण वरचा इतिहास डोक्यात ठेवून बघा, निकाल नियमांच्या चौकटीत सरळ आहे. हा खेळ 'मारता येतं का' हे बघत नाही, 'मारता येत असून थांबवता येतं का' हे बघतो. फुनाकोशींचा जोडीदार वाचवण्याचा आग्रह शंभर वर्षांनी नियमाच्या रूपात तिथे उभा होता. आणि मोतोबुंनी तो सामना पाहिला असता तर त्यांनी कपाळावर हात मारला असता, हेही तितकंच खरं. जाता जाता अजून एक. त्या स्पर्धेत कुमितेचं एकही सुवर्ण जपानला मिळालं नाही. जपानचं कराटेतलं एकमेव सुवर्ण होतं कातामधलं, आणि ते जिंकणारा कियुना र्‍यो हा ओकिनावाचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हतंच.

तर आता मूळ प्रश्नाकडे. समोर माणूस आला की सगळं गायब होतं, त्याचं काय करायचं?

पहिली गोष्ट, ती शिडी आठवा. गोहोन, इप्पोन, जियु इप्पोन, जियु कुमिते. बऱ्याच क्लासमध्ये काय होतं, की पहिल्या दोन पायऱ्या परीक्षेपुरत्या होतात आणि मग एकदम उडी थेट शेवटच्या पायरीवर. मधली जियु इप्पोन गाळली जाते. तिच्यात वार कोणता ते सांगितलेलं असतं ("तोंडावर पंच"), पण कधी आणि कुठल्या अंतरावरून हे मोकळं असतं. दोघंही फिरत असतात. म्हणजे 'काय' ठरलेलं आणि 'केव्हा' न ठरलेलं. एका वेळी एकच गोष्ट अनिश्चित ठेवायची, ही कुठलाही बग शोधतानाची साधी शिस्त आहे. मोकळ्या कुमितेत काय, केव्हा, कुठून, किती, सगळंच एकदम अनिश्चित असतं. मेंदू गोठला तर नवल काय? जो गोठतो त्याला हिंमत कमी नसते, त्याची एक पायरी गाळलेली असते.

दुसरी गोष्ट अंतर. १९५८ चा सामना. जोडीदारासमोर उभं राहा आणि पंधरा मिनिटं एकही वार न करता फक्त अंतर सांभाळा. तो आत आला की तुम्ही बाहेर, तो मागे गेला की तुम्ही पुढे. वार हातातून निघताना दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तो आधी पायात, नितंबात, खांद्यात सुरू होतो. म्हणून नजर मुठीवर न ठेवता छातीच्या वरच्या भागावर सैल ठेवायची, म्हणजे खांदे आणि पाय दोन्ही कडेने दिसतात.

तिसरी गोष्ट वेळ. तलवारबाजीतून कराटेत आलेला एक हिशोब आहे. समोरच्याचा वार येऊ द्यायचा, चुकवायचा किंवा अडवायचा आणि मग मारायचं, हे 'गो नो सेन'. तो निघाला त्याच क्षणी आपणही निघायचं आणि त्याच्या आधी पोचायचं, हे 'सेन नो सेन'. आणि त्याच्या मनात आलं तेव्हाच निघायचं, हे 'सेन सेन नो सेन'. शिकण्याचा क्रमही हाच. नवीन माणूस टीव्हीवर बघून तिसरं करायला जातो आणि स्वतःच पंचावर जाऊन आदळतो. आधी सहा महिने निव्वळ पहिलं करावं. पण मोतोबुंचे फोटो आठवून, म्हणजे ब्लॉक आणि पंच यांच्यातला वेळ रोज थोडा थोडा कमी करत. तो वेळ शून्याकडे गेला की दुसरं आपोआप येतं.

चौथी गोष्ट म्हणजे आपल्या क्लासची वजाबाकी ओळखणं. तुमच्याकडे सुनदोमे असेल तर अधूनमधून, सरांच्या देखरेखीखाली, पोटावर हलका संपर्क घेऊन बघा. लागल्यावर श्वास कसा सोडायचा आणि डोळे कसे उघडे ठेवायचे हे हवेत कळत नाही. तुमच्याकडे फुल कॉन्टॅक्ट असेल तर हळू वेगात का होईना, तोंडावर पंच येतोय असं धरून सराव करा. हात किती खाली आलेत ते लगेच कळेल. दुसऱ्या पंथाला नावं ठेवण्यापेक्षा त्याच्याकडून आपल्याकडे नसलेली गोष्ट उसनी आणणं जास्त उपयोगाचं.

आणि एक गोष्ट जी या सगळ्या गुरुजनांच्या काळात नीट माहीत नव्हती. डोक्यावरचे आघात साठत जातात. बेशुद्ध पडण्याइतके नसले तरी साठतात. आपल्याला सोमवारी सकाळी त्याच डोक्याने काम करायचं असतं. त्यामुळे सरावात डोक्यावर जोराने मारणं म्हणजे शौर्य नव्हे, आणि तसं करणारा जोडीदार कितीही भारी असला तरी त्याच्याबरोबर कुमितेला नकार देण्यात कमीपणा नाही. माउथगार्ड मात्र हवाच, त्याला सबब नाही.

हळू करा, हा सल्ला ऐकायला मिळमिळीत वाटतो. पण निम्म्या वेगाने केलेल्या कुमितेत दोघंही काय घडलं ते बघू शकतात, म्हणून दोघंही शिकतात. पूर्ण वेगात, जिंकायच्या ईर्ष्येने केलेल्या कुमितेत प्रत्येक जण आपला आधीच येत असलेला एकच वार पुन्हा पुन्हा मारत बसतो. क्लासमधली कुमिते जिंकून काय मिळतं? तिथे पदक नसतं. कोकान गेइकोच्या पोरांना कॉलेजची इज्जत तरी होती.

पुढच्या क्लासला सरांना विचारून बघा, शेवटची पंधरा मिनिटं जियु इप्पोनला मिळतील का. एकच वार, तोच जोडीदार, आलटून पालटून दहा-दहा वेळा. पहिल्या आठवड्यात मार खाल, दुसऱ्यातही खाल. पण तो कुठून येतोय हे दिसायला लागेल. एकदा दिसायला लागलं की हातपाय मोकळे व्हायला फार वेळ लागत नाही.